‘न्हाई’चा न्हावी

‘आमच्या भागात होतं याला होतं असं म्हणतात.’ हे वाक्य माझ्या एम.फिल.च्या प्रबंधिकेत छापून आलं, वर माझं नाव, खाली विद्यापीठाचं. मी लिहिलं होतं, ‘होतं’ला ‘व्हतं’ म्हणतात. मधे एका यंत्राने ते वाचलं आणि त्याला वाटलं, बाईची चूक झाली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी ओतूरला अकरावी-बारावीला मराठी शिकवत होते आणि राजुरीहून एसटीने जाऊन-येऊन करत होते. आमचं घर आजोबांच्या पिढीपासून बौद्ध. शेती थोडी आणि शिक्षणाचा हट्ट मोठा. मी ‘आमी’ म्हटलं की शाळेतले गुरुजी पट्टी उगारायचे आणि घरी आई म्हणायची, ‘शिकतीस ना, मंग नीट बोल की.’ मी नीट बोलायला शिकले. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सगळं घोटून घेतलं. वर्गात मी निबंधांचे मार्क कापते ते याच जोरावर. त्यामुळे शुद्धलेखनाचा मला राग आहे असं कुणी समजू नये.

एम.फिल.ला मी विषय घेतला जुन्नर-आंबेगावच्या बोलीचा. लहानपणी ज्या बोलण्यासाठी पट्टी खाल्ली तेच बोलणं कागदावर जसंच्या तसं उतरवायचं, एवढी साधी इच्छा होती. गावोगाव फिरून टेपरेकॉर्डरवर माणसं बोलती केली. त्यातलं सगळ्यात मोठं निवेदन माझ्या मावशीचं.

मावशी आंबेगाव तालुक्यातली. तिचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा ती आणि काका उठून घोडेगावच्या बाजूला येऊन राहिले. काका पुढे वारले. मी टेप घेऊन गेले तेव्हा ती ओसरीत शेंगा फोडत बसली होती. हात न थांबवता तिने सगळं सांगितलं. दारं-चौकटी काढून बैलगाडीत कशा घातल्या, गोठ्याची लाकडं कशी ओढून आणली. मग म्हणाली, ‘उन्हाळ्यात पानी हटलं का मी जायची. चिखुल तुडवत जायची. उंबऱ्याच्या जागी हुभी ऱ्हायची. जोतं व्हतं, घर न्हाई.’

टेपवर त्यानंतर बराच वेळ फक्त शेंगा फुटल्याचा आवाज आहे. मी ते वाक्य तसंच उतरवून घेतलं. माझ्या सगळ्या प्रबंधिकेत याच्या तोडीचं दुसरं वाक्य नव्हतं आणि ते माझं नव्हतं.

हस्तलिखित मी जुन्नरला बाजारपेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात दिलं. मालक आधी टायपिंगचा क्लास चालवायचे. टाइपरायटर मोडीत निघाल्यावर त्यांनी संगणक घेतला. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, दहाव्याच्या चिठ्ठ्या असं काम. माणूस मनापासून काम करणारा. माझी पानं त्यांनी नीट उतरवली, मी प्रुफं तपासली, चुका खुणावून दिल्या, त्यांनी त्या दुरुस्त केल्या. आता फक्त छपाई आणि बाईंडिंग राहिलं होतं.

सादर करायच्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. लाल रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या प्रती कागदात गुंडाळून सुतळीने बांधून तयार होत्या.

‘मॅडम, एक काम जादा करून ठिवलंय,’ मालक हसत म्हणाले. ‘पुण्याहून नवीन सॉफ्टवेअर आलंय. शुद्धलेखन आपोआप तपासतंय. तुमचं समदं त्याच्यातून काढलं. लई चुका निघाल्या, राव. पण आता एक न्हाई.’

माझ्या चुका निघाल्या म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ राहिले असतील, असं वाटून मी आभार मानले. पुण्याची गाडी लागली होती. उभ्यानेच गेले, गठ्ठा छातीशी धरून. शेवटची तारीख होती. गठ्ठा मी न सोडताच विभागात जमा केला.

पुढच्या आठवड्यात मार्गदर्शक सरांनी बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीत आणखी एक प्राध्यापक चहा घेत बसले होते. सरांनी माझी प्रत उघडली. त्यांच्या डोळ्यांत आधीच हसू होतं.

‘हे काय आहे, बाई?’ म्हणाले आणि मोठ्याने वाचलं, ‘जोतं होतं, घर न्हावी.’

दुसरे प्राध्यापक म्हणाले, ‘न्हाव्याचं घर असेल.’ दोघे हसले. चहा सांडू नये म्हणून त्यांनी कप खाली ठेवला.

मी प्रत ओढून घेतली. पानं उलटत गेले तसं अंग तापत गेलं. ‘व्हतं’ सगळीकडे ‘होतं’ झालं होतं. ‘पानी’चं ‘पाणी’, ‘आमी’चं ‘आम्ही’. जिथे यंत्राला शब्द कळला नव्हता तिथे त्याने जवळचा दिसेल तो शब्द उचलून लावला होता. ‘लई’ची ‘लाही’ केली होती. ‘लाही ऊन पडायचं.’ आणि ‘न्हाई’चा ‘न्हावी’. मावशीच्या निवेदनात पानापानावर न्हावी उभा होता. तक्त्यांचं तर विचारूच नका. डाव्या रकान्यात प्रमाण शब्द, उजव्या रकान्यात बोलीतला शब्द, आणि दोन्हीकडे एकच.

मी काय झालं ते सांगितलं. सर म्हणाले, ‘असं होय. ते न्हावी तेवढे काढा. बाकी मात्र भाषा छान सुधारली आहे. मी तुम्हाला सुचवणारच होतो, इतकं जसंच्या तसं द्यायची काही गरज नव्हती. तुमच्या लोकांचं बोलणं वाचकाला जड जातं.’

‘सर, माझा विषयच ते बोलणं आहे.’

‘हो, हो. पण वाचनीयता नावाची गोष्ट असते ना.’

‘आणि ते फक्त माझ्या लोकांचं नाही. राजुरीच्या पाटलांच्या घरातही व्हतंच म्हणतात.’

सरांनी चष्मा काढून पुसला. ‘तुम्ही चिडू नका,’ म्हणाले.

मी चिडले होते. माझा गुरू माझा प्रबंध वाचून बसला होता आणि त्यातला विषय नाहीसा झालाय हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. उलट त्याला बरं वाटलं होतं. बागायतदाराच्या तोंडी ‘लई’ आलं की हीच माणसं त्याला मातीचा सुगंध म्हणतात. माझ्या मावशीच्या तोंडी आलं की ते सुधारायचं असतं. यंत्राला निदान कोण बोलतंय हे ठाऊक नव्हतं. सरांनी प्रती बदलायला मुदत दिली, तेवढे उपकार केले.

मी तशीच जुन्नरला उतरून दुकानात गेले. स्टँडपासून पेठेपर्यंत काय काय बोलायचं ते ठरवत गेले. समोर गेल्यावर एवढंच विचारलं, ‘भाऊ, कुणी सांगितलं होतं तुम्हाला?’

ते गोंधळले. ‘मी तर तुमच्यासाठी केलं, मॅडम. चुका व्हत्या. मशीन दाखवीत व्हतं, तांबड्या रेघांनी पान भरलं व्हतं. मी म्हनलं, बाईंची पुण्याला शोभा व्हईल.’

‘आत्ता तुम्ही काय म्हणालात?’

‘काय म्हनलं?’

‘चुका व्हत्या म्हणालात.’

‘ते बोलायचं झालं. छापायचं येगळं.’

‘मी बोलायचंच छापत होते.’

त्यांनी समोरचे कागद उगाच सारखे केले. मग हळूच म्हणाले, ‘आमच्या मास्तरांनी ह्याच्यापायी लई मारलंय मला. मला वाटलं, तुमचं तरी नीट व्हावं.’

त्यावर भांडण पुढे नेता येईना, आणि त्याचाही राग आला. कुणावर तरी ओरडायला मी आले होते. समोर माझ्यासारखीच पट्टी खाल्लेला माणूस बसला होता.

जुनी फाइल शिल्लक नव्हती. सुधारलेली तिच्यावरच साठवली होती. ‘होतं’ शोधून त्याचं परत ‘व्हतं’ करावं, तर माझ्या स्वतःच्या विवेचनातही ‘होतं’ होतंच. तेही बदललं असतं. म्हणजे एकेक ओळ हस्तलिखिताशी ताडून हातानेच करणं आलं. ते काम मी कुणावर सोपवणार नव्हते. कॉलेज सुटलं की मी जुन्नरला यायची आणि कोपऱ्यातल्या संगणकावर बसायची. कीबोर्ड मालकांनीच शिकवला.

आणि तिथे ते यंत्र मला पहिल्यांदा समोरासमोर भेटलं. मी ‘व्हतं’ उमटवायची आणि पुढच्या शब्दाला हात घालेपर्यंत ते ‘होतं’ व्हायचं. मागे जाऊन खोडायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा तेच. विचारत नाही, सांगत नाही, आवाज नाही. माणसाने असं केलं असतं तर त्याचा हात धरला असता. एका दुपारी मी ‘न्हाई’ इतक्यांदा लिहिलं की शेवटी कीबोर्डवर मूठ आपटली. पत्रिकेचा मजकूर घेऊन आलेलं गिऱ्हाईक दचकून मागे सरकलं.

मालकांनी पुण्याच्या विक्रेत्याला फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. ही सोय बंद कशी करायची, मी विचारलं.

‘बंद?’ तो म्हणाला. ‘मॅडम, लोक ती चालू कशी करायची ते विचारायला फोन करतात.’

‘मला बंद करायची आहे.’

‘पण मग चुका राहतील.’

‘राहू द्या.’

त्याला बंद करायची रीत ठाऊक नव्हती. एवढं मात्र म्हणाला, की जो शब्द बरोबर मानायचा तो यंत्राच्या शब्दकोशात घालता येतो. मग मी तेच करत बसले. व्हतं, न्हाई, नाय, लई, आमी, तुमी, पानी, हुभी, चिखुल. एकेक शब्द आत घालायचा आणि त्याच्याखालची तांबडी रेघ पुसली गेलेली पाहायची. त्या कामात मला जो आनंद झाला तो पुढे पदवी हातात घेतानाही झाला नाही.

शेवटचं पान झाल्यावर मालक मान खाजवत जवळ आले. ‘मॅडम, आता ते शब्द काढावे लागतील. उद्या एखाद्याच्या पत्रिकेत व्हतं गेलं आन् मशीननं दाखवलं न्हाई, तर लोक मला जोड्यानं हाणतील.’

त्यांचं बरोबर होतं. दुकान त्यांचं, पोट त्यांचं. त्यांनी माझ्यासमोर एकेक शब्द निवडून काढून टाकला. मला बघवेना म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

प्रबंधिका मंजूर झाली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी मावशीचं निवेदन वाचलं होतं. ते वाक्य त्यांनी जसं होतं तसं म्हणून दाखवलं आणि पान उलटलं. सर शेजारी मान हलवत होते.

एक प्रत घेऊन मी मावशीकडे गेले. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच तिचं निवेदन वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा हसेल. तिने पदर तोंडाला लावला.

‘हे असंच छापलं?’

‘होय. तू बोललीस तसंच.’

‘पुन्याच्या लोकांनी वाचलं?’

‘वाचलं.’

‘आगं, मंग नीट करून नाय का लिव्हायचं? मला वाटलं, तू मास्तरीन, तू सारखं करून घेशील. हसली असत्याल मान्सं.’

तिच्यावर मला रागावता आलं नाही. सर हसले होते हेही सांगता आलं नाही. म्हणजे सर, विक्रेता, दुकानमालक, ते यंत्र, सगळ्यांनी मावशीला हवं होतं तेच केलं होतं. एकटी मी तिच्या मनाविरुद्ध वागले होते. कित्येक वर्षांत कुणीतरी तिला एवढं पक्कं शिकवून ठेवलं होतं की तिच्या तोंडातून येतं ते कागदावर ठेवण्याच्या लायकीचं नाही. त्या शिकवणाऱ्यांत माझे गुरुजी होते, माझी आई होती. त्यांतल्या एकाचंही मनगट मला धरता येणार नव्हतं. संतापाने माझेच डोळे भरले.

मावशीला वाटलं, तिच्या बोलण्याने मला लागलं. तिने पाणी आणून दिलं. ‘ऱ्हाऊ दे, पोरी. छापलं त्ये छापलं.’

पुढे सन दोन हजार उलटून गेल्यावर कॉलेजात नवे संगणक आले. मराठी थेट लिहिता येऊ लागली. आमच्याकडच्या संगणकात मात्र कुणीतरी हिंदीची तपासणी बसवून ठेवली होती. मी ‘माझी शाळा’ असं लिहिलं तर दोन्ही शब्दांखाली तांबडं. सहकाऱ्यांनी कपाळाला हात लावला. आपली प्रमाण मराठी, आणि तिला चूक म्हणतो म्हणजे काय. प्राचार्यांनी रागाने कंपनीला पत्र लिहायला घेतलं. सगळे एकदम तावातावाने बोलत होते.

मी माझ्या खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत राहिले. एका दिवसाच्या तांबड्या रेघेने त्यांची ही अवस्था झाली होती. प्राचार्य म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही मराठीच्या. पत्रात तुम्हीही दोन वाक्यं घाला ना.’

मी म्हटलं, ‘घालते. पण ती माझ्या मावशीच्या भाषेत असतील.’

सगळे हसले. त्यांना तो विनोद वाटला. मी पत्र ओढून घेतलं आणि लिहायला लागले.