थदडीच्या दिवशीचे प्लग

त्या श्रावणी सोमवारी सकाळपासूनच माझं डोकं तापलेलं होतं. आमची पूर्वा बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आता बाळाला घेऊन सासरी, जुन्नरकडे निघायची होती. तिला न्यायला जावई आदल्या दिवशी गाडी घेऊन आले. गाडी पेट्रोलची, टर्बोवाली, आणि हौसेने तिची ताकद आणखी वाढवून घेतलेली. चढ लागला की ती आचके देत होती. अंबरनाथ पश्चिमेला माझं स्वतःचं गॅरेज आहे. असं असताना माझ्या लेकीने तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन, भर पावसाळ्यात, आचके देणाऱ्या गाडीतून माळशेज घाट चढायचा, हे मला खपणारं नव्हतं.

सौ. शिवमंदिरात निघाली होती. "येताय का? पिंडीवर तांब्याभर पाणी घाला. देवही थंड होईल आणि तुमचं डोकंही," म्हणाली. मी म्हटलं, "पाणी तू घाल. देवाला सांग, नात सुखरूप पोचव म्हणून. मला प्लग आणायचेत." देवाला मी मानतो, पण दुकानातून सामान मागवावं तसा. अमुक द्या, तमुक नको, आणि लवकर द्या. दगडावर पाणी ओतल्याने कुणाचं काय भलं होतं, ही शंका माझ्या मनात कायम असे.

थोडं प्लगचं, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगचं, सांगायला हवं. प्लग गरम आणि थंड असे असतात. ठिणगी दोन्हींची सारखीच, पण गरम प्लगचं टोक उष्णता धरून ठेवतं आणि थंड प्लगचं ती चटकन सोडून देतं. टर्बो इंजिनात हवा दाबून भरली जाते, म्हणून आत ताप जास्त. त्यात ताकद वाढवलेली असली, तर प्लग एक नंबर थंड घालावा लागतो. नाहीतर टोक लाल होऊन राहतं, ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं, आणि लांब चढावर पिस्टनला भोक पडून गाडी जागीच बंद पडायला वेळ लागत नाही. गाडीतून काढलेल्या प्लगवर सात नंबर होता. आमच्या गॅरेजात वर्षानुवर्षं एकाच कंपनीचे प्लग येतात, त्यांचा नंबर वाढला की प्लग थंड. हा दुसऱ्या कंपनीचा होता. तरी सातानंतर आठ, एवढा हिशोब करून मी स्कूटरला किक मारली.

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये माझं नेहमीचं दुकान आहे. शेठ सिंधी, जुन्या ओळखीचे. त्या दिवशी काउंटरजवळ त्यांची म्हातारी आई बसली होती, तिला सगळे अम्मा म्हणतात. त्यांची थदडी होती. आपल्याकडे शिळासप्तमी असते तसाच हा सण. आदल्या दिवशी स्वयंपाक करून ठेवतात, चुलीवर पाणी शिंपडून ती थंड करतात, आणि सणाच्या दिवशी घरात चहासुद्धा गरम होत नाही. लेकराबाळांना कसली झळ लागू नये म्हणून देवीचं हे व्रत. अम्मा येईल त्याला लोला देत होती. लोला म्हणजे त्यांची गोड, जाड पोळी.

"सेठ, ये सात है, मेरे को आठ चाहिए. जल्दी करो, बेटी बच्ची को लेके घाट चढनेवाली है," मी म्हटलं.

शेठने दोन खोके काढले, एक आठचा आणि एक सहाचा. "आठ? पक्का?"

"गॅरेज तुम चलाते हो की मैं?"

आठचा खोका त्यांनी पुढे सरकवला. अम्माने सिंधीत त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, त्यात 'थदो', म्हणजे थंड, एवढाच शब्द माझ्या कानावर पडला. तेवढ्यात मागून टेम्पोवाला स्कूटर हलव म्हणून ओरडायला लागला, म्हणून मी बाहेर गेलो. परत आलो तर अम्माने खोका आणि कागदात बांधलेला लोला माझ्या पिशवीत घालून ठेवला होता. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मी निघालो.

गॅरेजात प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगीची फट, जरासा कमी केला आणि चारही बसवले. नंबर पाहायचं काही सुचलं नाही. इंजिन सुरेख बोलत होतं. पूर्वा पाया पडली, नात तिच्या कुशीत झोपलेलीच होती, आणि गाडी निघाली.

दुपारी कचरा गोळा करताना रिकामा खोका हातात आला. त्यावर सहा होता. मी तो उलटा केला, पुन्हा वाचला. सहाच. माझ्या हिशोबाने मी थंडाऐवजी गरम प्लग बसवले होते, आणि माझ्या हाताने बसवलेल्या त्या प्लगवर माझी लेक आणि नात घाट चढत होती. पूर्वाला फोन लावला, लागेना. जावयांनाही लागेना. घाटात रेंज नसते हे माहीत असूनही मी लावत राहिलो. मग काय करावं ते न सुचून मी थेट शेठच्या दुकानात जाऊन उभा राहिलो.

"क्या दिया तुमने? आठ बोला था, छे निकला! मेरी बेटी घाट में है," मी भर दुकानात ओरडलो.

शेठ गोंधळले. त्यांनी मागे वळून पाहिलं तर आठचा खोका फळीवर तसाच होता. तो हातात घेऊन ते सावकाश म्हणाले, "इस कंपनी का नंबर उल्टा चलता है, भाऊ. छे ठंडा है. आठ गरम. इसीलिए तो पूछा था, पक्का?"

मी स्टुलावर बसलो. मी जे हट्टाने मागितलं होतं, तेच पिशवीत पडलं असतं, तर मी जावयाच्या गाडीत निखारा ठेवून लेकीला निरोप दिला असता.

"पर मैंने तो आठ ही रखा था," शेठ म्हणाले.

"मैंने बदला," अम्मा म्हणाली. आम्ही दोघेही तिच्याकडे वळलो, तशी ती शेठला म्हणाली, "तूने बोला ये गरम है, वो थदो. इसने बोला छोटी बच्ची जा रही है. आज थदडी है. बच्ची के साथ गरम चीज कैसे जाने देती?"

प्लग कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हतं. शेठने कपाळाला हात लावला. माझा फोन वाजला तेव्हा तो शेठनेच माझ्या खिशातून काढून दिला.

"बाबा, वर आलो आम्ही," पूर्वा म्हणाली. "धुकं होतं खूप. पण गाडी एकदाही अडखळली नाही. ही बघा, आत्ता जागी झाली." मागून नातीचं रडणं ऐकू आलं. मी तिथेच रडलो, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. मग अम्माच्या पाया पडलो. तिने विचारलं, "लोला खाया?" तो पिशवीतच राहिला होता. तिच्यासमोर उभा राहून मी तो गार लोला खाल्ला.

संध्याकाळी सौ.ला न सांगता शिवमंदिरात गेलो. तिथे पिंडीकडे पायऱ्या उतरून खाली जावं लागतं आणि वर आभाळ उघडं आहे. पाऊस सरळ पिंडीवर पडत होता. माझ्या तांब्याची देवाला काही गरज नव्हती, तरी मी तो रिकामा केला. कशाने काय झालं ते मी कुणाला पटवायला जात नाही. मला एवढंच कळतं की त्या दिवशी माझं म्हणणं ऐकलं गेलं असतं, तर धुक्यात, भर घाटात गाडी बंद पडून मी लेकीला आणि नातीला गमावूनही बसलो असतो.

अजूनही दर सोमवारी देवापुढे उभा राहतो. काय हवं ते सांगतो. नंबर सांगत नाही.