तात्यांच्या फोनमधली मेंढरं

मी कॉलेजला गेले त्या वर्षी तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकली आणि पणदऱ्याच्या रानात ऊस केला. पुढं घरात मेंढरांचं नावही निघालं नाही. आम्हाला वाटलं, सुटले एकदाचे पायपिटीतून.

यंदा मी त्यांना माझा जुना फोन दिला. आधी त्यात भजनं, कुस्त्या, उसाची खतं असले काहीबाही व्हिडिओ यायचे. मग मेंढरं यायला लागली आणि बघता बघता मेंढरंच मेंढरं! तात्यांना तर फोनवर काही शोधता येत नाही. मग हे मागितलं कुणी? शेजारी बसून पाहिलं. कुस्ती आली की त्यांचा अंगठा तिला वर ढकलायचा. कळप आला की थांबायचा. बस, एवढंच. एका घरात राहून आम्हाला जे कळलं नाही, ते फोननं त्या थांबण्यावरून ओळखलं होतं.

तात्यांना हे सांगितलं तर ते हसायलाच लागले.

"आगं, मी बी त्येच करायचो. मेंढरं कुठं तोंड घालत्यात बघायचं, आन् त्याच अंगाला म्होरं जाऊन हुभं ऱ्हायाचं. त्यास्नी वाटतं, आपुनच निघालो."

मग फोनकडं बघत म्हणाले,

"म्हंजी मला परत मेंढरं घ्यावी वाटाय लागलंय, ते माजं मन का ह्येचं?"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"पाडव्यापातूर तुज्याकडं ठेव. तवर याड निवलं तर ह्येचं. न्हाय निवलं तर माजं."

तात्या धारा काढत होते, उसाला पाणी देत होते. फोनची आठवणसुद्धा नाही. मला वाटलं, निवलं.

पाडव्याच्या सकाळी ते पटका बांधून दारात उभे.

"चल, गाडी काढ."

मोरगावच्या अंगाला एक कळप उतरला होता. फोनवर दिसायची तसली धिप्पाड, पांढरीशुभ्र, लांब कानांची मेंढरं त्यात बरीच होती. तात्या त्यांच्यामधून सरळ पुढं गेले. कडेला एक बुटकी काळी मेंढी उभी होती, आखूड कानांची. तिच्यापाशी ते खाली बसले, लोकरीत बोटं घातली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आपली अशीच हुती," ते म्हणाले. "त्या फोननं असली एकबी दावली न्हाय."