पाळणाघराच्या गेटची खिटी

मिस्त्रीला लहानपणापासून एक खोड होती. कुठलीही वस्तू दिसली की ती चालते कशी, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. बँकेत गेला की तिजोरीच्या दाराची बिजागरी बघायला वाकायचा आणि रखवालदार त्याला दंडाला धरून सरळ करायचा. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला, तर पाण्याचा पेला हातात यायच्या आत खिडकीची कडी दोनदा लावून-काढून झालेली असे. त्याचं वेल्डिंगचं छोटं दुकान होतं. बायको म्हणायची, "तुमच्या नाकाला एक झाकण बसवून घ्या. जोडकाम तर घरचंच आहे."

त्याची धाकटी बहीण औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. त्यामुळे चार वर्षांची बिट्टी दिवसभर पाळणाघरात असायची. आईपेक्षा मामाकडे तिचा ओढा जास्त, कारण मामा तिच्या "का?"ला कधी कंटाळत नसे. उलट तोच तिला आणखी दोन 'का' शिकवून परत पाठवायचा.

पाळणाघराच्या अंगणाला एक लोखंडी सरकतं गेट होतं. रस्त्याला थोडा उतार, त्यामुळे गेट उघडलं की ते आपोआप परत बंद व्हायला बघायचं. त्याला उघडं धरून ठेवायला खांबापाशी एक खिटी होती. ती कधीतरी मोडली आणि तिच्या जागी सुतळी आली. एका दुपारी ती सुतळी तुटली. गेट घरंगळत आलं आणि बिट्टीचा हात गेट आणि खांब यांच्यामध्ये सापडला. दोन बोटं चेंगरली. एक निभावलं. दुसऱ्याची, बोट वाकवणारी आतली शीर तुटली.

बहीण दवाखान्यात पोरीजवळ बसून होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिट्टीची पिशवी आणि चपला आणायला मिस्त्री पाळणाघरात गेला. गेटपाशी पोचला आणि थबकला. खांबाला नवी सुतळी बांधलेली होती. त्याने ती बोटाने ताणून बघितली, मोडक्या खिटीचं थोटूक चाचपलं. मग बाहेर टेम्पोत मशीन होतंच, ते उतरवलं. नवी खिटी जोडली. जोड ग्राइंडरने घासून गुळगुळीत केला आणि डब्यात उरलेला काळा रंग फासला. गेट तीन-चारदा जोरात ढकलून बघितलं, सुतळी कापून खिशात टाकली आणि चपला घेऊन निघून गेला. हे त्याने घरी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, शीर जोडायला दुसरं ऑपरेशन लागेल आणि ते फार लांबवून चालणार नाही. उशीर झाला तर बोट तसंच ताठ राहील. खर्च ऐकून बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं. ती पाळणाघराच्या बाईंच्या घरी गेली, तर त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी गेटला लोंबकळत होती. शंभरदा सांगितलं होतं तिला. गेट अगदी व्यवस्थित आहे."

कारखान्यातल्या एका मैत्रिणीने मग तिला कोर्टाच्या मागच्या बाजूची खोली दाखवली. तिथे लोकांना फुकट कायद्याची मदत मिळायची. खोलीत एक टेबल, चार वेगवेगळ्या घरच्या वाटाव्यात अशा खुर्च्या आणि तिशीतल्या एक वकीलबाई. मिस्त्री सोबत होता. त्याच्यासाठी हे नवंच यंत्र होतं, आणि ते आतून कसं फिरतं हे त्याला बघायचं होतं.

"दावा तुम्ही लावायचा नाही," वकीलबाई बहिणीला म्हणाल्या. "दावा बिट्टीचा. तुम्ही फक्त तिच्यातर्फे उभ्या राहायचं."

मिस्त्री पुढे सरकला. "म्हणजे कोर्टात वादी ही? अहो, हिला चपलेचा डावा-उजवा कळत नाही अजून."

"कोर्टाला तिच्या चपलेशी काम नाही, मामा. बोट तिचं चेंगरलं, म्हणून हक्कही तिचा."

"आणि पैसे मिळाले तर?"

"तिच्या उपचाराला. उरले तर ती मोठी होईपर्यंत तिच्याच नावावर. मामाला नवं मशीन मिळणार नाही."

"नको, नको, जुनं चांगलं चाललंय," मिस्त्री घाईघाईने म्हणाला, तशी बहीणसुद्धा कितीतरी दिवसांनी हसली.

वकीलबाईंनी बिट्टीला काही खोदून विचारलं नाही. टेबलाचा खण उघड-बंद करत त्या तिच्याशी खेळत बसल्या. थोड्या वेळाने बिट्टीच म्हणाली, "आमचं दार पळतं."

"कुणी ढकललं की पळतं?"

"नाही. त्याचं त्याचं पळतं. दोरी सुटली की."

वकीलबाईंनी बहिणीकडे बघितलं. "दोरी?"

"सुतळी होती, मॅडम. खिटी मोडलेली होती. मी रोज बघायचे."

"मग झालं तर! उद्याच जाऊन गेट बघू. फोटो काढू. त्या मोडक्या खिटीवर आपला सगळा दावा उभा राहील."

ती खिटी आता मोडकी नाही, हे सांगायला मिस्त्री पुढे वाकला. पण बहिणीचा चेहरा इतका उजळला होता की त्याच्याने तोंड उघडवेना. बिट्टीला खांद्यावर घेऊन तो जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी बिट्टीला घेऊन तिघं पाळणाघरापाशी पोचले. पाळणाघराच्या बाई स्वतः बाहेर आल्या. "बघा की, घ्या बघून. ही खिटी. ढकला. अहो, जोरात ढकला. हत्ती आला तरी हलायचं नाही ते."

वकीलबाईंनी ढकललं. गेट खरंच हललं नाही.

"इथे सुतळी होती!" बहीण ओरडली.

"कसली सुतळी? गाईगुरं बांधतो की काय आम्ही इथे?"

बहीण खांबाजवळ गेली, खिटीवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. आपल्यालाच वेड लागलंय की काय, असा तिचा चेहरा झाला. मिस्त्री मात्र बुटांच्या नाड्यांकडे बघत उभा होता. वकीलबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. दोघांना घेऊन त्या कोपऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"मामा, काल खुर्चीच्या पायापासून पंख्याच्या पात्यापर्यंत सगळं विचारून झालं तुमचं. आज तोंडाला कुलूप का?"

"ती खिटी..." मिस्त्री म्हणाला. "ती मी बसवली."

"कधी?"

"हात सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

 बहिणीचा आवाज इतका चढला की समोरच्या सलूनमधलं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन दारात आलं. "दादा, माझं घर जळत होतं आणि तू त्या बाईचं छप्पर शाकारत होतास? रंगसुद्धा दिलास? रंग?"

"अगं, रंग नाही दिला तर गंजतं."

हे त्याने बोलायला नको होतं. बहिणीने बिट्टीला उचललं आणि ती चालू लागली. बिट्टी तिच्या खांद्यावरून मामाला डावा हात हलवत होती. उजव्याला अजून पट्टी होती. त्यानंतर कित्येक दिवस बहीण त्याच्याशी बोलली नाही. निरोप असला तर वहिनीकडे, आणि तोही "त्यांना सांगा" असा.

वकीलबाई मात्र तिथून हलल्या नाहीत. शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि मिस्त्रीलाही बसायला लावलं. "आता मला सगळं सांगा. मशीनला वीज कुठून घेतलीत?"

"आतून. तिथल्या मावशींनी वायर लावून दिली."

"बाईंना न विचारता?"

"छे. विचारून. बाई बाहेर आल्या होत्या की."

"काय म्हणाल्या?"

मिस्त्रीने आठवून बघितलं. "म्हणाल्या, बरं झालं, या खिटीसाठी जागामालकाला सांगून सांगून माझी जीभ झिजली."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. "हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"कमाल आहे तुमची! जगाला प्रश्न विचारत हिंडता आणि स्वतःला कुणीतरी विचारायची वाट बघता?" मग त्या जरा शांत झाल्या. "मावशी बाईंच्या नोकरीतल्या, त्या बोलायच्या नाहीत. म्हणजे तुमचा शब्द एकट्याचा, शिवाय तुम्ही मुलीचे मामा. कोर्ट सहज मानणार नाही. पण एक सांगा, रंगाखाली जुनं-नवं ओळखू येतं का?"

"वरून नाही येणार," मिस्त्री म्हणाला, आणि त्याच्या आवाजात नकळत थोडा अभिमान डोकावला. तो लगेच ओशाळला. "खरवडलं तर येईल."

"मग खरवडू. पण तुम्ही नाही. तुम्ही त्या गेटला आता बोटसुद्धा लावायचं नाही."

वकीलबाईंनी दावा दाखल केला आणि गेटच्या पाहणीसाठी अर्ज दिला. ऑपरेशनची निकड दाखवल्यामुळे कोर्टाने लवकरच जागेची पाहणी करायला एक माणूस नेमला. ते वयस्क वकील होते, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं कमी. त्यांनी सोबत दुसरा एक वेल्डर आणला होता. पोरसवदाच होता, पण सरावलेला. पाळणाघराच्या बाई, जागामालकाचे वकील, बहीण, मिस्त्री, सगळे अंगणात उभे. आतली पोरं खिडकीला नाकं चिकटवून बघत होती.

त्या वेल्डरने रंग खरवडायला सुरुवात केली. काळा थर गेला आणि खाली नवा जोड लखलखीत उघडा पडला. त्याच्या बुडाशी जुन्या खिटीचं गंजलेलं थोटूक दातासारखं बाहेर आलेलं होतं. वेल्डर म्हणाला, "जुनी मोडलेली आहे, साहेब. गंज मुरलाय, म्हणजे मोडून बरेच दिवस झालेत. वरची नवी आहे." मग थोडं वाकून बघून पुटपुटला, "कुणी केलंय हे? हात चांगला आहे."

मिस्त्रीच्या ओठांवर काहीतरी आलं. वकीलबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते गिळलं.

चष्मेवाल्यांनी पाळणाघराच्या बाईंना विचारलं, "हे काम कधी झालं?"

"मला काही कल्पना नाही."

ते मिस्त्रीकडे वळले. "तुम्ही म्हणता, तुम्ही केलंत. भाचीला इतकी इजा झालेली. नुकसानभरपाई मागायची होती, तर पुरावाच का बुजवलात?"

 मिस्त्रीने बहिणीकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती.

"साहेब, मला तेव्हा पुरावा-बिरावा काही सुचलं नाही," तो म्हणाला. "तिथे परत सुतळीच बांधलेली होती. सकाळी सगळी पोरं येणार होती. मी ती तशी सोडून कसा जाऊ?"

चष्मेवाल्यांनी ते लिहून घेतलं.  पाळणाघराच्या बाई खिडकीतल्या पोरांकडे बघत होत्या. तिथल्या तिथे मटकन पायरीवर बसल्या.

"सुतळी मीच बांधली होती," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा."

"बाई, तुम्ही गप्प राहा," जागामालकाचे वकील घाईने म्हणाले.

"किती गप्प राहू? मालक म्हणाले, गेट मोडकं होतं असं कबूल केलंस तर जागा खाली कर. इतकी मुलं घेऊन मी जाऊ कुठे? म्हणून खोटं बोलले. लोंबकळत नव्हती हो ती. खांबाला हात लावून आईची वाट बघत उभी होती."

बहीण आता बाईंकडे बघत होती. रागाने बघत होती, हे खरंच. पण तो राग मिस्त्रीवरचा नव्हता.

त्यानंतर दावा फार ताणला गेला नाही. जागामालक आणि पाळणाघर, दोघांनी मिळून ऑपरेशनचा आणि पुढच्या उपचारांचा खर्च उचलायचं ठरलं. सगळे राजी झाले, तरी वकीलबाई म्हणाल्या, "थांबा, आता न्यायाधीशांनी बघायला हवं."

मिस्त्रीला राहवलं नाही. "दोन्हीकडचे राजी असताना? तिची आई राजी, मामा राजी!"

"म्हणूनच. मुलाच्या बाबतीत तडजोड झाली की ती त्याच्या भल्याची आहे ना, हे कोर्ट स्वतः तपासतं. आई-मामांचाही हिशेब चुकू शकतो, मामा. जीव असूनसुद्धा."

 मिस्त्री कोर्टाबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. थोड्या वेळाने बहीण येऊन त्याच्या शेजारी बसली. "सरक जरा," एवढंच म्हणाली. त्या काळात त्याला तेही पुष्कळ होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. एका कागदावर बोटाचं चित्र काढून तुटलेली शीर कुठे आहे आणि ती कशी ओढून जोडायची ते ते सांगू लागले. मिस्त्रीची मान हळूहळू चित्रावर झुकत चालली होती. मग त्याला आठवण झाली आणि तो चटकन मागे सरकून गप्प बसला. इथे भोचकपणा नको, असं त्याने बायकोकरवी आलेल्या बहिणीच्या निरोपात ऐकलेलं होतं.

डॉक्टर थांबले. "काही शंका?"

बहिणीने ओठ हलवले. काय विचारायचं ते तिच्या मनात होतं, पण धड शब्द जुळेनात. तिने भावाला कोपराने ढोसलं.

"दादा, विचार ना. तुला जमतं ते."

मिस्त्रीने तिच्याकडे बघून खात्री केली. मग खुर्ची पुढे ओढली.

"डॉक्टर, ही शीर आतल्या आत सरकते ना, तेव्हा तिला धरून ठेवायला काही असतं का?"

"असतं. कड्या असतात, छोट्या छोट्या. त्यातून ती दोरीसारखी जाते."

"त्या शाबूत आहेत?"

"एक गेली आहे. ती नव्याने बनवावी लागेल."

"कशाची?"

"तिच्याच शरीरातल्या दुसऱ्या एका तुकड्याची."

मिस्त्री पुन्हा चित्रावर वाकला. बहिणीने पुन्हा ढोसलं. "मुद्द्याचं विचार."

"बोट वाकेल का तिचं? पूर्ण?"

"पेन्सिल धरेल, वेणी घालेल, बटण लावेल," डॉक्टर म्हणाले. "घट्ट मूठ मिटेल असा शब्द मी आज देत नाही. सगळं नीट झालं आणि व्यायाम चुकवला नाही, तर मिटेलही."

"व्यायाम कोण करून घेणार?"

"घरचंच कुणीतरी. रोज. कंटाळा न करता. आणि ती 'का' म्हणून विचारेल, तेव्हा न रागावता."

बहिणीने भावाकडे बघितलं. तो आधीच कागद आपल्याकडे वळवून त्या चित्रातल्या पहिल्या कडीवर बोट ठेवून विचारत होता, "बरं, मग सुरुवात कुठल्या सांध्यापासून करायची?"