गरम झालं का?

“हलू नको म्हणलं ना! हलू नको!”

पाय माझा मोडला होता, पण मामा ओरडत होते मामींवर. मामींनी माझी टाच धरली होती.

“मी कुठं हलायलेय? ह्योच थरथरायलाय. म्हैस वितानाबी तुमच्याइतकी वरडत न्हाई!”

देवगाव फाट्यावरच्या हाडांच्या दवाखान्यात मामा प्लास्टर घालायचे. मामी तिथल्याच आया. मामांचा आवाज असा, की तिकडं वालूरला बैल दावं तोडायचे. माझं तर निम्मं अंग त्यांनीच बांधलेलं. मोटारसायकल माझी आणि रस्ते आमचे, म्हणजे तुम्ही समजून घ्या.

पट्टी बादलीत बुडवायची, बुडबुडे थांबले की पिळून गुंडाळायची. मग मामांचं प्रवचन: “हे प्लास्टर म्हंजे दगडच हाय. भट्टीत भाजून ह्याचं पाणी काढून घेतलंय. पाणी परत भेटलं की पुन्हा दगड व्हतो, अन् भट्टीत खाल्लेली गरमी भायेर टाकतो. गरम झालं की समजायचं, धरलं.”

पण स्वतः कधी हात लावून बघायचे नाहीत. “गरम झालं का गं?”

मामी ओल्या प्लास्टरवर तळवा ठेवायच्या, डोळे मिटायच्या. “झालं.”

तोवर कुणी श्वास घ्यायचा नाही. एकदा एक पहिलवान शिंकला, तर मामांनी सगळं कापून नव्यानं घातलं.

गेल्या साली मामी न्हाणीत घसरल्या. खुबा मोडला. “खुब्याला माझं प्लास्टर चालत न्हाई,” मामा भेटेल त्याला सांगायचे, अगदी हळू. त्यांना हळू बोलता येतं, हे फाट्याला तेव्हा कळलं. परभणीला ऑपरेशन झालं. मामी परत आल्या त्या झाकलेल्या.

सकाळी तिरडी उचलायला आम्ही वाकलो, तोच मामा गरजले, “हलवू नका!”

माझ्या निम्म्या गोष्टी थापा असतात, ही नाही. सगळं अंगण होतं तिथं थिजलं. सगळी त्यांच्याच हातून सांधलेली माणसं. कुणी पाय उचलेना, कुणी खोकेना. मामा मामींचा तळवा दोन्ही हातांत धरून बसले होते.

ऊन ओट्यावर चढलं. शेवटी मीच जवळ जाऊन विचारलं, “मामा, उचलायचं का?”

“गरम न्हाई झालं,” ते म्हणाले.