लॅबच्या दारातला मी

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. खरं तर हवेवरही नाही – यंत्राने मोजून दाखवेपर्यंत. एकवीस वर्षं सरकारी लॅबमध्ये काढली की माणूस असा होतो. या पानावरचे भुतांचे अनुभव मी आजवर चहाबरोबर हसत वाचत आलो. आज माझी पाळी आहे, तुम्ही हसून घ्या.

आमचं रुग्णालय नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, कर्जत-जामखेडच्या बाजूला. (जिल्हा अहिल्यानगर झाला, आमच्या पाटीला अजून कोणी कळवलेलं नाही.) लॅबमध्ये टेक्निशियन दोघंच – मी आणि रूपाली. ती बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतली होती, आठ महिन्यांची मुलगी घरी सासूजवळ.

आमच्याकडे टीबीच्या पेशंटच्या थुंकीचे नमुने येतात. औषधांना दाद न देणारा टीबीही त्यात असतो. हे नमुने एका मोठ्या काचेच्या कपाटात हात घालून उघडायचे – सेफ्टी कॅबिनेट. त्याचा पंखा हवा आत ओढतो, गाळतो आणि माथ्यावरच्या जाळीतून बाहेर सोडतो. ती जाळी झाकली गेली, तर नमुन्यातलं सगळं समोर बसलेल्याच्या तोंडावर. तेव्हा अलार्म वाजतो.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे खंडेनवमीला ट्रॅक्टरपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांची पूजा होते, मग कॅबिनेटनेच काय पाप केलंय? शिपाई भाऊसाहेब सकाळीच हार घेऊन हजर.

"सर, घाला की. फोटू काढतो."

"अरे, हे यंत्र आहे. देव नाही."

"आवो, वर्सभर आपल्याला जपतंय न्हवं? मंग देवच हाय की! लई इचार करू नका."

त्याचं तर्कशास्त्र आमच्या प्रशिक्षणातल्या पुष्कळ व्याख्यानांपेक्षा बरं होतं. मी स्टुलावर चढलो, कॅबिनेटच्या माथ्यावर लाल कापड अंथरलं, वर नारळ, हार. थेट जाळीवर. अलार्म कोकलायला लागला. मी किल्ली फिरवून तो बंद केला, किल्ली खिशात टाकली आणि म्हटलं, फोटो झाला की काढू. आज काम नव्हतंच. रूपालीही मुलीला लस द्यायला गेली होती, उशिरा येणार होती.

तेवढ्यात मैदानातून बोलावणं आलं. रुग्णालयाला स्वच्छतेचा पुरस्कार मिळाला होता, आणि पुढारी चक्क वेळेवर आले होते! मला स्टेजवर मधल्या रांगेत बसवलं. डोक्याला फेटा, मांडीवर बुके.

चौथं भाषण चालू असताना मला मैदानापलीकडे नमुन्यांची निळी पेटी दिसली. गाडीवाल्याने ती रूपालीच्या हातात दिली. ती पेटी घेऊन लॅबमध्ये शिरली. मला वाटलं, फ्रीजमध्ये ठेवेल. मग आठवलं – ती काम उद्यावर टाकणारी बाई नाही.

खिशातली किल्ली मांडीला टोचली.

खाली बसून कॅबिनेटचा माथा दिसत नाही. अलार्म मी बंद केलेला. चांगले मास्क संपलेले, साध्या निळ्या मास्कवर काम चालू होतं. मोबाईल लॅबमध्ये न्यायचा नाही, हा नियम मीच भिंतीवर चिकटवलेला. तरी फोन लावला. वाजत राहिला.

एका चिठ्ठीवर लिहिलं – 'लॅबमध्ये ताबडतोब कोणीतरी जा, रूपालीला बाहेर काढा' – आणि सूत्रसंचालकाकडे सरकवली. त्याने ती न वाचताच इतर चिठ्ठ्यांखाली ठेवली आणि माईकवर म्हणाला, "राहिलेल्या मान्यवरांची नावं शेवटी घेऊ."

आता तुम्ही विचाराल, मी उठून पळालो का नाही? मीही रोज तेच विचारतो. पुढारी बोलत होते. आमचे अधीक्षक माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मी दोनदा अर्धवट उठलो, दोनदा बसलो. मनात एकच घोळत होतं – रूपाली, वर बघ... बाहेर ये... वर बघ... आणि डोळ्यांसमोर ती आठ महिन्यांची पोर. सात-आठ मिनिटं मी असा बसून होतो. मग बुके टाकला, पायऱ्या विसरून उडी मारली आणि धावलो.

रूपाली लॅबबाहेरच्या बाकावर पाणी पीत होती.

"काय सर तुम्ही! आवाज तरी द्यायचा की. केवढी घाबरले मी."

"कधी?"

"आत्ता. नळीचं झाकण फिरवणारच होते, तर तुम्ही दार ठोठावलं. काचेतून नुसतं वर बोट दाखवत उभे. गाऊन, ग्लोव्हज, सगळं घालून. म्हणून मी नळी तशीच ठेवली, स्टुलावर चढले, तर वर सत्यनारायण मांडलेला! मागे बघते तर तुम्ही गायब. आणि आता हा फेटा कुठून घातला?"

मी दाराजवळचं रजिस्टर उघडलं.

तिने बाहेर पडल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहिली होती – बारा वाजून दहा मिनिटं. बारा दहाचा फोटो भाऊसाहेबाच्या मोबाईलमध्ये आहे. त्यात मी स्टेजवर आहे, फेट्यासकट. मला वाटलं, तिला भास झाला असेल. पण गाऊन बदलायच्या खोलीतल्या लाल पिशवीत वापरलेल्या ग्लोव्हजची एक जादा जोडी होती, आतून घामाने ओली. पिशवी सकाळीच बदललेली. ग्लोव्हज आठ नंबरचे. रूपालीचा हात साडेसहाचा. आठ नंबर लॅबमध्ये फक्त माझा.

नमुने आम्ही दुसऱ्या दिवशी केले, माथा मोकळा करून. रूपाली ठणठणीत आहे, तिची पोर आता चालते. तेव्हा मला बघितलं की रूपाली पोरीला म्हणायची, "नमस्कार कर, ह्या सरांनी आईला वाचवलं."

महिनाभर मी ते ऐकून घेतलं. मग एक दिवस तिला सगळं सांगितलं – हार कोणी घातला, अलार्म कोणी बंद केला, आणि स्टेजवर कोण बसून राहिलं.

ती म्हणाली, "सर, मग दारात कोण होतं?"

मी गेलो नव्हतो, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.