दादांचे बांधलेले हात

इंजिन उघडायचं असलं की आमचे दादा आधी खांद्यावरचा पंचा काढून माझ्याकडे द्यायचे, दोन्ही हात पाठीमागे न्यायचे आणि म्हणायचे, "बांध, भिमे." मी बांधायची. मग बापानं नुसतं तोंडानं सांगायचं आणि अकरा वर्षांच्या पोरीनं पाना चालवायचा. गावाला हा तमाशा वाटायचा. वाटू दे. गावाला काय, रिकामा वेळ असला की काहीही वाटतं.

ही गोष्ट नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावची, त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली. दादा म्हणजे रंभाजी मिस्त्री. काकासाहेबांच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन ते सांभाळायचे. तरुणपणी नगरला एका गॅरेजात ते काम शिकले, म्हणजे चापट्या खाऊन शिकले. त्यांचा उस्ताद हातातला पाना हिसकावून घ्यायचा आणि वर म्हणायचा, तुला कधी यायचं नाही. दादा सांगायचे की ते वाक्य हाताला चिकटलं, ते सहा वर्षं धुऊन निघालं नाही.

आणि तरीही त्यांनी माझ्याशी तेच केलं होतं. मी नऊ वर्षांची असताना घरचा स्टो उघडून बसले होते. वॉशर उलटा बसवत होते. दादांनी बघितलं, "आगं तसं न्हाई!" म्हणाले आणि स्टो ओढून घेतला. मी रडले नाही. नुसती उठून गेले, आणि महिनाभर स्टोला हात लावला नाही. शाळेतही मी तशीच होते. मास्तरांनी उभं केलं की उत्तर माहीत असायचं, पण जीभ टाळूला चिकटायची. महिन्यानं दादांनी तोच स्टो माझ्यापुढे ठेवला, पंचा दिला आणि म्हणाले, "माझे हात लई आगाऊ हायेत. त्येंला बांधून टाक."

तेव्हापासून हा रिवाज पडला. आणखी एक रिवाज होता. खाली एक पोतं पसरायचं. जो भाग आधी निघाला तो डावीकडे, मग त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. बसवताना उजवीकडून उलटं यायचं. काम संपलं की मी विचारायची, "पोतं रिकामं?" आणि दादा बघून म्हणायचे, "रिकामं."

गिरणीला दोन खोल्या होत्या. जात्याची मोठी खोली, तिथं गहिनीनाथ दळण टाकायचा. पलीकडे इंजिनाची खोली, ती आमची. दादांनी इंजिनाला हात लावलेला चालायचा, पिठाला लावलेला चालायचा नाही. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालं, पण गावाच्या पिठाला ते कळायचं होतं अजून. मला त्याचा राग यायचा. आजही येतो. दादा मात्र म्हणायचे, "पीठ त्येंचं, पर त्ये दळतंय कोन?"

भिंतीतल्या भोकातून पट्टा पलीकडे जायचा, आणि त्याच भोकातून पीठ आमच्याकडे उडत यायचं. दुपारी छपरातल्या फटींतून उन्हाचे पट्टे खाली उतरायचे आणि त्यात ते पीठ तरंगत राहायचं, खाली बसायचंच नाही. मी त्या उन्हात हात धरायची. बोटं पांढरी व्हायची, पापण्या पांढऱ्या व्हायच्या, दादांचे काळे केससुद्धा म्हाताऱ्यासारखे व्हायचे. इंजिन आपलं पुक् पुक् करत असायचं आणि मला वाटायचं, सगळं गाव झोपलंय आणि हे एकटंच त्याच्या वतीनं श्वास घेतंय. दादा लाकडी दांड्याचं एक टोक इंजिनाला टेकवायचे, दुसरं माझ्या कानाला. "आईक. काय म्हनतंय?" आत खोल कुठंतरी तेल चालल्याचा आवाज, मग एक ठोका, मग एक उसासा. मी डोळे मिटून ऐकायची. कितीदा तशीच उभ्या उभ्या पेंगायची.

दादांच्या डोळ्यांचं कळलं ते अशाच एका दुपारी. दादांना स्टोची बारीक पिन भोकात घालता येईना. एकदा, दोनदा, पाचदा. मग त्यांनी ती मला दिली आणि हळूच म्हणाले, "मोठं दिसतंय गं. बारीक दिसत न्हाई. सगळं तेल सांडल्यागत दिसतं." मोतीबिंदू होता तो, पुढे नगरला ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला आणि दादा त्यानंतर बावीस वर्षं जगले. पण तेव्हा हे काही माहीत नव्हतं. तेव्हा एवढंच माहीत होतं, की काकासाहेबांना कळलं तर नोकरी जाईल. आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. गावात दुसरं काम नव्हतं. "कुनाला बोलू नगं," दादा म्हणाले. दोन वर्षं मी बोलले नाही. बारीक ते मी बघायचं, मोठं ते दादांनी, असं आमचं चाललं होतं.

त्र्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात एके दिवशी रेशनवर तांबडी मिलो आली. ती अमेरिकेची ज्वारी, चवीला भुशासारखी, पण पोटाला काय. सकाळपासून ओट्यावर बायकांची रांग लागली. आणि इंजिन ठोका द्यायला लागलं. दुष्काळात त्याला थंड करायला पिंपातलं तेच ते गरम पाणी फिरत होतं, तेही त्रासलं होतं. मी कानाला दांडा लावला आणि सांगितलं, "दादा, खालनं येतंय." त्यांनी इंजिन बंद केलं.

पिस्टनचा दांडा खाली फिरत्या कण्याला जिथं धरून असतो, तिथं झीज झाली होती. मधली पातळ पत्री काढून पुन्हा आवळायचं काम होतं. इंजिनाच्या पोटाला बाजूनं एक झाकण असतं, त्यातून हात घालायचा. माझा हात आरामात जायचा. मी पंचा बांधला. तेवढ्यात काकासाहेब आले. पांढरं धोतर, तोंडात पान, मागं दाराशी निम्मी रांग.

"रंभाजी, आरं बाया उन्हात बसल्यात आन् तू पोरीला खेळायला लावलंस व्हय? तूच कर की झटक्यात."

"हुतंय मालक," दादा म्हणाले. "माझ्यापरीस तिचा हात बारीक हाय."

हे खरंच होतं. फक्त अर्धं खरं होतं.

मी पोत्यावर गुडघे टेकून बसले. पिना काढल्या, नट काढले, पत्री काढली, पुन्हा बसवलं. दोन बोल्ट, दोन नट. नट सैल होऊ नये म्हणून प्रत्येकातून एक पिन आरपार घालायची आणि तिची टोकं दुमडायची. पिन नसली तर नट फिरत फिरत सुटतो आणि मग तो दांडा इंजिनाचं पोट फोडून बाहेर येतो; समोर कोण उभं आहे ते तो बघत नाही. पहिली पिन घातली, दुमडली. तेवढ्यात बाहेर दोघी बायकांचं नंबरावरून जुंपलं, काकासाहेब ओरडले, मी दचकून तिकडे बघितलं. परत वळले तेव्हा हात आपोआप झाकणाकडे गेला.

"पोतं रिकामं?"

दादा वाकले. पोत्यावर बघितलं. रिकामं होतं खरंच. मग काकासाहेब बघताहेत म्हणून की काय, त्यांनी इंजिनाच्या पोटातही डोकं घातलं, दोन क्षण थांबले आणि म्हणाले, "बराबर हाय. लाव झाकन."

काकासाहेबांनी स्वतः हँडल मारलं. पुक्. पुक् पुक्. ठोका गेला होता. ओट्यावर बायका हसल्या. पलीकडे जातं फिरायला लागलं, पीठ पुन्हा उन्हात तरंगायला लागलं, आणि मी त्या आनंदात तिथंच उभी राहिले, अंगातून वारं गेल्यासारखी हलकी. मग गुडघ्याला काहीतरी टोचलं म्हणून खाली बघितलं.

ग्रीसनं चिकटलेली दुसरी पिन माझ्या गुडघ्यावर होती.

खोटं कशाला सांगू, मी ती मुठीत लपवली. आधी मनात आलं, एक पिन आहे की आत, एका पिनेवर संध्याकाळपर्यंत निघेल, मग गुपचूप लावू. दुसरं मनात आलं ते वाईट होतं. दादा म्हणाले होते, बराबर हाय. सगळ्यांसमोर म्हणाले होते. मी बोलले तर पहिला प्रश्न मला नव्हता येणार, त्यांना येणार होता. मी दादांकडे बघितलं. ते इंजिनाला टेकून उभे होते, डोळे मिटून, सुखात. पिस्टनचा दांडा सुटला असता तर थेट त्यांच्या पोटात आला असता.

मी गेले आणि डिझेलचा खटका ओढला.

इंजिन उसासा टाकून थांबलं. एवढी शांतता झाली की पलीकडून गहिनीनाथाचं खोकणं ऐकू आलं. काकासाहेब धावत आले. "कोनी बंद केलं? कोनी?"

"मी," मी म्हणाले. शाळेत कधी निघाला नव्हता एवढा आवाज निघाला. मूठ उघडली. "एक पिन राहिली आत घालायची. माझी चूक हाय."

काकासाहेबांनी पिन बघितली, मग दादांकडे बघितलं. "रंभाजी, तू आत डोकं घालून बघितलंस न्हवं?"

मी म्हणायला लागले, "मीच त्येंला सांगितलं की—"

"गप, भिमे." दादांचा आवाज हळू होता. "न्हाई मालक. मला दिसली न्हाई. दोन वर्सं झाली, मला बारीक काय बी दिसत न्हाई. दिसलं म्हनून खोटं बोललो."

"दोन वर्सं? मग माझं इंजिन कोन बघत हुतं?"

"ही."

तेव्हा रांगेतली गोजरबाई, साठीची, कुणाच्या बापाला न भिणारी, ओट्यावरून म्हणाली, "पोरीनं सांगितलं म्हनून समद्यांचे पाय जागेवर राह्यले. आता तोंडाकडं काय बघताय, बसू द्या की तिला कामाला!"

मी बसले. झाकण काढलं, दुसरी पिन घातली, टोकं दुमडली. झाकण लावायच्या आधी मी दोन्ही पिनांवरून बोट फिरवलं. काकासाहेब हँडल धरून उभे होते. सवयीनं त्यांनी दादांकडे बघितलं. दादांनी हनुवटी माझ्याकडे केली. एवढा मोठा माणूस, त्यानं घसा खाकरला आणि मला विचारलं, "काय गं, मारू का?"

"थांबा," मी म्हणाले. पुन्हा एकदा बोट फिरवलं. सगळी रांग थांबली होती. मग झाकण आवळलं. "मारा."

संध्याकाळी दळण संपलं तेव्हा काकासाहेबांनी दादांना बाजूला बोलावलं. चांगलं बोलले, पण सांगायचं ते सांगितलंच. फिरत्या पट्ट्याजवळ न दिसणारा माणूस नको, सोमवारपासून नगरचा मिस्त्री येईल. मला त्यांचा तेव्हा इतका संताप आला की मी त्यांच्या पायऱ्यांवर थुंकणार होते. त्यांचं बरोबर होतं हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली, आणि कळलं तरी पूर्ण पटलेलं नाही.

आम्ही घरी निघालो. ऊन उतरलं होतं, गावच्या किल्ल्याची भिंत तांबूस झाली होती, रस्त्यावरची धूळ पिठासारखीच हवेत थांबली होती. "दादा, माझ्यामुळं तुमचं काम गेलं."

ते चालता चालता थांबले. "मी दोन वर्सं गप बसलो, भिमे. रोज भीत हुतो, आज कळंल, उद्या कळंल. तुला एवढुशी पिन मुठीत ठिवता आली न्हाई. मीच तुला शिकवतोय असं मला वाटत हुतं बघ." आणि ते हसले. खरंखुरं हसले, पोट धरून. मग त्यांनी माझा हात धरला. तोपर्यंत ते रस्त्यानं नेहमी माझ्यापुढे चालायचे, सगळं दिसत असल्यासारखे, ठेचा खात.

"आता सांग," ते म्हणाले, "काय काय दिसतंय?"

मी सांगायला लागले. किल्ल्यावर दोन घारी. बुरुजाखाली कुणाची तरी शेळी, एका कानानं काळी. बाभळीला एकच हिरवी फांदी. रस्त्याच्या कडेला फुटकी घागर. मी सांगत होते आणि ते प्रत्येक गोष्टीला "व्हय?" म्हणत होते, जशी काही मी त्यांना ती दोन वर्षांनी परत देत होते.

"आन् ढग?" त्यांनी विचारलं. "ढग हायेत का गं कुठं?"

मी सगळीकडे बघितलं. त्यांच्यासाठी एखादा तरी असावा असं फार वाटलं.

"न्हाईत, दादा. एक बी न्हाई."

"बरं," ते म्हणाले आणि माझा हात आणखी घट्ट धरला. "चल. तू सांगतीस म्हंजे नसतीलच."