बरी झाल्याचं सांगायला

टांझानियात ज्या बाईंच्या घरी मी वर्षभर राहिले, त्यांना मी मामा म्हणायचे. तिकडे मामा म्हणजे आई. बोरीवलीहून आई फोनवर विचारायची, "आज मामांनी काय केलं गं जेवायला?" आणि मागून बाबांचं हसू ऐकू यायचं. कॉलेज संपल्यावर एका संस्थेतर्फे मी तिथल्या खेड्यातल्या शाळेत गणित शिकवायला गेले होते. आपण लोकांना काहीतरी द्यायला निघालोय, असा एक ताठा तेव्हा माझ्यात होता.

तिथे मला मलेरिया झाला. गोळ्या सुरू झाल्या तरी ताप उतरेना. मामांनी मला स्वतःच्या खोलीत हलवलं आणि मग माणसं येऊ लागली. शेजारच्या बायका, शाळेचा शिपाई, वाटेवर केळी विकणारी म्हातारी. यायचे, "पोले" म्हणायचे, म्हणजे तुझ्या त्रासाचं वाईट वाटतं, आणि नुसते बसून राहायचे. कुणी पपई ठेवून जायचं, कुणी अंडी. झोपू द्या ना यार, असं मला व्हायचं. पण एका दुपारी डोळे उघडले तर खोलीत कुणीच नव्हतं, आणि मला एकदम रडू फुटलं.

ताप गेला तशी मी शाळेत जायला निघाले. मामांनी दारातच अडवलं.

"आधी सगळ्यांकडे जाऊन यायचं."

"कशाला?" मी मोडक्यातोडक्या स्वाहिलीत विचारलं.

"ते तुझ्यासाठी आले होते. तू बरी झालीस हे त्यांना कसं कळणार? स्वतःच्या पायांनी जा. बघू देत त्यांना."

मामांनी आपलं एक रंगीत सुती वस्त्र माझ्या कमरेला गुंडाळलं आणि पुढे निघाल्या. दर घरी मी म्हणायचे, "असांते", धन्यवाद. समोरून उत्तर यायचं, "असांते कुशुकुरू", आभार मानलेस त्याबद्दल आभार. केळीवाल्या म्हातारीनं तर माझे गाल दाबून पाहिले आणि खदखदून हसली. घरी परतलो तेव्हा मी पार दमले होते, पण इतकं मोकळं मला आधी कधीच वाटलं नव्हतं.

वर्ष संपवून मी बोरीवलीला आले. बाबा फार बारीक दिसत होते. आईनं मग हळूच सांगितलं, मी तिकडे असताना त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. मला मुद्दाम कळू दिलं नव्हतं.

"मग हॉस्पिटलमध्ये तुझ्या सोबतीला कोण होतं?"

"अगं, सोसायटी होती ना."

तळमजल्यावरच्या गुजराती काकी बाबांसाठी रोज खिचडी पाठवत होत्या. चौथ्या मजल्यावरचे काका, बायको गेल्यापासून एकटेच राहणारे, ते बाबांजवळ थांबायला जात होते.

"तुम्ही जाऊन आलात त्यांच्याकडे?" मी बाबांना विचारलं.

बाबा मूळचे मालवणकडचे. अवघडले की त्यांच्या तोंडी मालवणी येते. "खुळी काय गो तू? आपल्यात असां कोण करता? ते काय परके आसत?"

"परके नाहीत म्हणूनच चला."

बराच वेळ हुज्जत झाली. शेवटी आईनंच त्यांचा इस्त्रीचा शर्ट पलंगावर काढून ठेवला.

काकींनी दोन मिनिटांत आम्हाला वाटेला लावलं. "एवढ्यासाठी जिने कशाला उतरलात भाऊ?" म्हणाल्या, पण चेहरा नुसता फुलला होता. चौथ्या मजल्यावर काकांनी दार उघडलं. बाबा त्यांच्यासमोर बसले, शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाले, "तू होतास रे, म्हणून हिच्या आईला धीर होता."

काकांनी चष्मा काढून पुसला. "आभार मानायला आलास होय? वाट लागली तुझी. आता चहा घेतल्याशिवाय सोडत नाही." त्यांनी चहा टाकला. कपाटातले कप बरेच दिवस न वापरलेले, ते मी धुऊन घेतले. चहानंतर कॅरम निघाला. मी खाली आले, बाबा वरच राहिले.

पुढे कितीतरी वर्षं संध्याकाळी जेवायच्या वेळी आई जिन्यातून हाक मारायची आणि वरून दोघांचे आवाज यायचे, "आलो, आलो!"

ती बिल्डिंग आता रीडेव्हलपमेंटला गेली. काका मुलुंडला मुलीकडे राहतात. मामा तीन पोरांच्या आजी झाल्यात, मधूनच फोनवर दिसतात, केस पांढरे झालेत. बाबा अजूनही अधूनमधून बस बदलत मुलुंड गाठतात. परत येतात तेव्हा पिशवीत काकांच्या कुंडीतल्या मिरच्या असतात, आणि कॅरममध्ये कोण हरलं ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळतं, आम्हाला विचारावं लागत नाही.